पडद्यावरील संत आणि घरातील चूल

आमच्या लहानपणी सुगी आटोपून गावची जत्रा जवळ आली, की सीमाभागातील आमच्या खेड्यात तंबूचा सिनेमा येत असे. दोन बैलगाड्यांतून यंत्र, कनाती, बांबू आणि पडद्याची गुंडाळी येई. मोकळ्या झालेल्या शेतात तंबू उभा राही आणि दिवस मावळला, की कर्ण्यातून गाणी सुरू होत. पुढे जमिनीवर बसणाऱ्यांना स्वस्त तिकीट, मागे बाकांवर बसणाऱ्यांना महाग. गावातील पोरेसोरे त्या कर्ण्याच्या आवाजाने वेडी होत. आमच्या घरी मात्र सिनेमाचे नाव काढण्याची सोय नव्हती. वडील स्वभावाने करारी. सायंकाळची जपमाळ चुकवून कोणी तंबूकडे फिरकले, तर त्या रात्री त्याला भाकरीच्या आधी बोलणी खावी लागत.

एका वर्षी मात्र नवल घडले. तंबूवाल्याने 'संत तुकाराम' हा बोलपट आणला आणि रविवारची मिस्सा झाल्यावर आमच्या धर्मगुरूंनी स्वतःच सांगितले, की हा चित्रपट मुलाबाळांसह पाहण्यास काही हरकत नाही. वडिलांचा नाइलाज झाला. ते स्वतः आले नाहीत. पण आजीने आम्हा भावंडांना बरोबर घेतले. परतताना कंदिलाच्या उजेडात बांधावरून चालता चालता आम्ही पोरे तुकोबांना वैकुंठाला नेणाऱ्या गरुडाविषयीच बोलत होतो. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सगळे गाव त्यांच्या पाया पडत होते रे. पण त्या जिजाईच्या पाया कोणी पडले का?"

वाचकहो, चित्रपटापासून काही शिकता येते काय, असा प्रश्न जेव्हा जेव्हा माझ्यापुढे येतो, तेव्हा मला आजीचा हा प्रश्न आठवतो. चित्रपट पाहावा की पाहू नये, हा जुना वाद आता निरर्थक झाला आहे. तंबू गेले, चित्रपटगृहेही ओस पडू लागली आणि पडदा ज्याच्या त्याच्या खिशात येऊन बसला. तेव्हा तो कसा पाहावा, एवढाच विचार आपल्या हाती उरला आहे.

गोष्टीवाचून माणसाला धर्म कळत नाही, ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या ध्यानी फार पूर्वी आली होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी गोव्यात मराठी भाषा आत्मसात करून सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापून निघाले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय सुटली होती, पण तहान तशीच होती. ती ओळखूनच हा ग्रंथ रचला गेला आणि चर्चमधून तो वाचला जाऊ लागला. त्याच काळात देहूस तुकोबा लहानाचे मोठे होत होते. एकाच भाषेने एकाच शतकात दोन निरनिराळ्या अंगणांत भक्तीची गोष्ट सांगितली, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

पुढे तीनशे वर्षांनी ऋण फिटल्यासारखे झाले. मुंबईच्या एका चित्रपटगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी प्रभू येशूच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतःच 'नवयुग' मासिकातील लेखांत सांगितले आहे. पुन्हा पत्नीला, सरस्वतीबाईंना, घेऊन ते तोच चित्रपट पाहण्यास गेले. विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि १९१३ सालच्या ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. सत्यासाठी राज्य, पत्नी व पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजाची ही कथा हिंदी चित्रसृष्टीचा पाया ठरली. तो पट तयार होत असता सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत व रात्री फिल्मच्या कामाला हातभार लावीत, हेही येथे सांगून ठेवतो. कारण आपला विषय चुलीकडेच जाणार आहे.

'संत तुकाराम' १९३६ सालचा, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. एक हिंदू, एक मुसलमान. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आलेले विष्णुपंत पागनीस त्यात तुकाराम झाले आणि गौरी यांनी जिजाईची भूमिका केली. १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु परदेशाने दिलेल्या प्रशस्तीपेक्षा मला जिजाईची कटकट अधिक मोलाची वाटते.

ही जिजाई रागीट आहे, फटकळ आहे, आणि ती सर्वस्वी खरी आहे. घरात दाणा नाही, मुले भुकेली आहेत आणि घरधनी पांडुरंगाच्या नादी लागला आहे. अशा स्त्रीने गोड बोलावे तरी कसे? मूल आजारी पडते तेव्हा ती पायातील वहाण हाती घेऊन थेट देवळात जाते आणि विठोबालाच जाब विचारते. आमच्या तंबूत त्या प्रसंगी हशा पिकला होता. आजी मात्र हसली नव्हती. वस्तुतः तो हसण्याचा प्रसंग नाहीच. आजारी लेकरू पदराशी घेऊन कोणाही आईने रात्री क्रुसासमोर उभे राहून काय काय बोलले असेल, ते तिचे तिलाच ठाऊक. जिजाईचे भांडण हीसुद्धा एक प्रार्थनाच आहे, असे मला आता वाटते. शेवटी तुकोबा वैकुंठाला जाण्यास निघतात व तिलाही चलण्यास सांगतात. परंतु ती घर आणि मुले सोडून जात नाही. सर्व जण आकाशाकडे पाहत असता ही बाई आपल्या दारात उभी आहे. दिग्दर्शकांनी एकाही शब्दाने तिला दोष दिलेला नाही. संताचे मोठेपण रतिमात्र कमी न करता त्याच्या संसाराची ओढाताण दाखविणे अवघड असते. आपल्याकडील पुष्कळशा भक्तिपटांना ते साधलेले नाही. त्यांत चमत्कारांची रेलचेल असते आणि घरात स्वयंपाक कोण करते, याचा पत्ता नसतो.

योगायोग असा, की ज्या वर्षी हा चित्रपट निघाला, त्याच १९३६ सालच्या २९ जून रोजी पोप पायस अकरावे यांनी चित्रपटांविषयी 'विजिलांती कुरा' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. वाईट चित्रपटांविरुद्ध त्यात कडक इशारा आहेच. तथापि आमच्या वडिलांसारख्या मंडळींनी तेवढाच भाग ऐकला होता. चित्रे माणसाच्या मनावर नुसत्या युक्तिवादापेक्षा खोल ठसतात आणि म्हणूनच चांगल्या चित्रपटाचे सामर्थ्य मोठे आहे, हेही त्याच पत्रात मांडलेले आहे. पुढे १९५७ साली पायस बारावे यांनी 'मिरांदा प्रोरसुस' या पत्रात चित्रपटाबरोबर रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचाही विचार केला.

त्याच १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा हिंदी चित्रपट आला. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिच्या मुळाशी आपल्याच मुलखातील एक सत्य प्रयोग आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची एक खुली वसाहत स्थापन झाली होती. तेथे भिंत नव्हती, शेती होती. मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलंडमधून आलेल्या गांधीवादी गृहस्थांचा या प्रयोगाच्या प्रेरणेत मोठा वाटा होता. चित्रपटातील आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा खुनी माणसांना ओसाड माळावर नेतो, बेड्या काढतो आणि त्यांच्यावर विश्वास टाकतो. दोन डोळे त्याचे, बारा हात त्यांचे. माळावर भाजी पिकते, ती बाजारात रास्त भावात विकली जाते आणि तेथेच संकटाला आरंभ होतो. कारण भाव पाडल्याचा राग व्यापाऱ्यांना येतो. हात उगारणार नाही, असा शब्द दिलेला असल्यामुळे ही दांडगी माणसे मार खातात आणि उलटून मारीत नाहीत. ज्यांनी एकेकाळी माणसे मारली, त्यांनी आपले हात आवरून धरावेत, यात केवढा पालट आहे! 'दुसरा गालही पुढे करा' हे वचन आपण दरवर्षी ऐकतो. परंतु ते पाळण्यास किती बळ लागते, हे मला त्या बाजारातील प्रसंगात प्रथम दिसले. अखेरच्या बैलांच्या झुंजीचे चित्रीकरण करताना शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, आणि त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेनेही आपला पुरस्कार त्यालाच दिला. एका मराठी माणसाच्या, गांधींच्या विचाराने भारलेल्या चित्रपटात त्या परीक्षकांना शुभवर्तमान दिसले असले पाहिजे.

आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'विषयी मी येथे विस्ताराने लिहीत नाही. १९५३ सालच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि घरोघरच्या आयांनी तो डोळे पुसत पाहिला. त्याचे गुण सर्वांना पाठ आहेत. 'बेन-हर'विषयी तर थोडे विरुद्धच बोलायला हवे. १९५९ सालच्या या भव्य इंग्रजी चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले, प्रभू येशूचे दर्शनही त्यात मोठ्या संयमाने घडविले आहे. परंतु धर्मग्रामाच्या वतीने तो आमच्या मुलांना दाखविला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी माळावर बैलगाड्या पिटाळल्या आणि एका गाडीचे चाक मोडले. रथांच्या शर्यतीखेरीज त्यांना काही आठवत नव्हते. भव्यतेचा हा धोका असतो.

आता ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो.

आमच्या धर्मग्रामात पुढे एक नवे धर्मगुरू आले. त्यांच्याजवळ एक छोटे प्रक्षेपक यंत्र होते. शहरातून इंग्रजी चित्रपटांची रिळे आणून ते शाळेच्या भिंतीवर दाखवीत आणि एक रीळ संपून दुसरे चढवीपर्यंत मराठीतून कथा समजावून सांगत. त्यांनी एकदा 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' आणला. १९६६ सालचा हा चित्रपट फ्रेड झिनेमन यांनी दिग्दर्शित केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळाले. पुढे १९९५ साली, चित्रपटकलेची शंभरी झाली तेव्हा, व्हॅटिकनने ४५ उत्तम चित्रपटांची जी यादी केली, तीतही तो आहे. नाटककार रॉबर्ट बोल्ट यांनी आपल्याच नाटकावरून त्याची पटकथा लिहिली. बोल्ट स्वतः कॅथलिक नव्हते आणि नाटकाच्या प्रस्तावनेत त्यांनी हे आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

कथा संत थॉमस मोर यांची. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला पहिली पत्नी सोडून दुसरी करावयाची होती. पोप त्यास संमती देईनात. तेव्हा राजाने स्वतःलाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरविले. मोर हे त्याचे चॅन्सलर, म्हणजे राज्यातील सर्वांत मोठे अधिकारी. त्यांनी १५३२ साली पद सोडले. पुढे राजाज्ञेप्रमाणे शपथ घेण्याचे नाकारल्याने १५३४ साली ते लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवान झाले आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. ते बंडाची भाषा बोलले नाहीत. आपण मौन पाळले तर कायदा आपल्याला दोषी ठरवू शकणार नाही, या आशेवर ते शेवटपर्यंत गप्प राहिले. अखेर रिचर्ड रिच नावाच्या माणसाने खोटी साक्ष दिली आणि तीवर निकाल लागला. चारशे वर्षांनी, १९३५ साली, त्यांना संतपद देणारे पोप पायस अकरावेच होत. चित्रपटांविषयीचे ते पत्र त्यांनी पुढच्याच वर्षी लिहिले.

येथे इतिहासाविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. चित्रपटातील मोर अत्यंत सौम्य, हसतमुख आणि न्यायी आहेत. ते तसे होतेही. परंतु ते चॅन्सलर असताना धर्मद्रोहाच्या आरोपावरून सहा जणांना जिवंत जाळण्यात आले आणि त्या शिक्षेचे ते समर्थक होते, हे चित्रपटात कोठेही येत नाही. स्वतःच्या विवेकासाठी प्राण देणाऱ्याला दुसऱ्याच्या विवेकाची किंमत पुरती कळली नव्हती. आपण कॅथलिकांनी हे लपवू नये. मुलाने विचारले तर सांगावे. चित्रपट हा वकिलासारखा असतो, तो आपल्या बाजूचेच पुरावे मांडतो. न्यायाधीशाचे काम पाहणाऱ्याने करावयाचे असते.

त्या रात्री शाळेच्या अंगणात माझी आई पुढच्या रांगेत बसली होती. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण ती डोळ्यांची पापणी लववीत नव्हती. त्याचे कारण गावातील जुन्या माणसांना ठाऊक होते.

मी सात-आठ वर्षांचा असताना गावातील एका बड्या जमीनदाराचा एका विधवेशी बांधावरून दावा चालला होता. वडिलांच्या शब्दाला कोर्टात किंमत येईल म्हणून त्याने त्यांना साक्षीला बोलाविले. बांध कोणी सरकविला, हे वडिलांनी स्वतः पाहिले होते. बायबलावर हात ठेवून खोटे बोलण्याचे त्यांनी नाकारले. आम्ही ज्याची जमीन खंडाने करीत होतो, तो हाच जमीनदार. पुढच्या हंगामात जमीन गेली. तीन वर्षे वडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला गेले. गावात त्यांचे नाव झाले. पाद्रीसाहेबांनी प्रवचनातही, नाव न घेता, त्यांचा उल्लेख केला. आईच्या हातात सोन्याच्या दोन पाटल्या होत्या, त्या कधी दिसेनाशा झाल्या, ते आम्हा मुलांच्या लक्षातही आले नाही. वडिलांनी त्याविषयी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. आईनेही नाही.

मोर यांची पत्नी ॲलिस ही त्यांची दुसरी पत्नी. पहिली निवर्तल्यावर घरातील लहान मुलांना सांभाळावयास आलेली. आपली जिजाईही तुकोबांची दुसरीच पत्नी. पहिली दुष्काळात गेली होती. दोघींमध्ये शंभरांहून अधिक वर्षांचे आणि सात समुद्रांचे अंतर, पण स्वभाव जणू सख्ख्या बहिणींचे. ॲलिसही फटकळ. नवऱ्याचे हे काय चालले आहे, ते तिला समजत नाही आणि समजत नसल्याचे ती लपवीत नाही. बोल्ट यांच्या मूळ नाटकात पद गेल्यावर त्या घरी जळणाला लाकूड उरत नाही आणि रानातील वाळलेले नेचे गोळा करून आणावे लागतात. चित्रपटात ती बंदीखान्यात शेवटच्या भेटीला येते, तेव्हा बरोबर खाण्याचा पदार्थ घेऊन येते. मोर त्या पदार्थाची आणि तिच्या वस्त्राची स्तुती करू लागतात. तिला ती स्तुती असह्य होते. तुम्ही का मरत आहात, हे मला कळत नाही, असे ती संतापून सांगते आणि त्यानंतर त्यांना मिठी मारते. तुझ्या समजुतीवाचून मला मरणे जड जाईल, असे ते आधी तिला विनवीत असतात. मला तर या प्रसंगापुढे शिरच्छेदाचा प्रसंग फिका वाटतो.

रीळ बदलण्याकरिता दिवा लागला. धर्मगुरू मोर यांच्या धैर्याविषयी सांगू लागले. आई माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "हिनेही काहीतरी विकले असेल."

मी त्या वेळी काही बोललो नाही. पाटल्यांविषयी मला त्या रात्री प्रथम कळले.

पुढे पुष्कळ वर्षांनी मोर यांचे चरित्र वाचनात आले. त्यांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहून ठेवलेल्या आठवणीत ॲलिस टॉवरमध्ये भेटीला येते आणि उंदरांच्या सोबतीला पडून राहण्यात तुम्हाला कसले समाधान वाटते, चेल्सीला तुमचे सुंदर घर, ग्रंथालय आणि बाग आहे ना, असे फटकारते. हे वाचून मला जिजाईच पुन्हा भेटली. आणखी काही पाने उलटली, तो ॲलिसच्या एका पत्राची हकीकत मिळाली. मे १५३५ मध्ये तिने राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याला विनवणीचे पत्र लिहिले होते. बंदिवानाच्या जेवणखाणाचा खर्च त्याच्या घरच्यांनीच द्यावयाचा असे. नवऱ्याच्या आणि त्याच्या चाकराच्या खर्चापायी आठवड्याला पंधरा शिलिंग भरावे लागतात आणि त्यासाठी आपल्याला अंगावरचे कपडे विकण्याची पाळी आली आहे, असे तिने त्यात लिहिले होते.

पुस्तक मिटून मी तसाच गावी गेलो. आई तेव्हा फार थकली होती. ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन निवडीत बसली होती. मी तिला ते पत्र सांगितले. शाळेच्या भिंतीवर पाहिलेल्या त्या बाईचे म्हणून. तिला चटकन आठवले.

"किती लुगडी विकली, ते लिहिले आहे का?" तिने विचारले.

"नाही. काही कपडे, एवढेच आहे."

"नसणारच," ती म्हणाली, आणि तिने सूप पुन्हा पुढे ओढले.